सातव्या लाइनीचा गलका

यंत्र सरळ बंद पडलं असतं तर निबियाला एक वेळ चाललं असतं. बंद पडलेल्या यंत्राची वायर काढायची, दहापर्यंत मोजायचं आणि परत घालायची, एवढं तिला येत होतं. पण पूर-इशारा केंद्रातलं हे यंत्र बंद पडत नव्हतं. दिवे लागलेले, पंखा घरघरतोय, पडद्यावर ओढ्यांचे आणि नदीचे आकडे दिसतायत. फक्त कुठलीही कळ दाबा, उत्तर म्हणून येत नाही.

"ये, तुझं लाडकं परत रुसलंय," काखेत थर्मास आणि हातात माते नावाच्या कडू हिरव्या चहाचा पेला घेऊन नोएलिया आत आली, तशी निबिया म्हणाली. "तीन आठवडे झाले, रोजचंच. माझा नवरा फुटबॉल बघताना अस्साच बसतो. डोळे उघडे, पण घरात कुणी नाही."

नोएलिया ओलिवेरा चौतीस वर्षांची होती. पुएर्तो अल्मिरॉन या नदीकाठच्या गावाच्या जुन्या जकात गोदामात हे केंद्र होतं, आणि त्यातलं यंत्र सांभाळणारी ती एकटीच. निबिया तिच्याहून वीस वर्षांनी मोठी. पडद्यासमोर बसून पाण्यावर नजर ठेवणं हे तिचं काम. नदीवर आणि ओढ्यांवर पाणी मोजणारी सात उपकरणं होती. प्रत्येकाची दोन तारांची एकेक लाइन या यंत्रात येऊन मिळायची. पाणी ठरलेल्या खुणेच्या वर गेलं की यंत्र स्वतःच भोंगा वाजवायचं, आणि रेल्वेच्या बांधाखालच्या ला काचिम्बा वस्तीतली नव्वद घरं सामान उचलायला लागायची.

नोएलिया कळांना हात न लावता नुसती पडद्याकडे बघत राहिली. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"निबिया, भिंतीवर किती वाजलेत?"

"नऊ बावन्न. का?"

"इथे नऊ एक्केचाळीस. आणि हा सेकंदाचा आकडा बघ. एकदा हलला... अजून नाही... अजून नाही... आता हलला."

"म्हणजे म्हातारं झालं."

"म्हणजे ते मेलेलं नाही. कामात आहे. इतकं कामात, की घड्याळ पुढे सरकवायलाही त्याला फुरसत नाही."

"कसलं काम? मी तर त्याला काही सांगितलेलं नाही."

त्या दिवशी जिल्ह्याच्या गावाहून संचालक ओलासोंचा फोन आला. नवं यंत्र डिसेंबरात येईल, तोवर अडकलं की बंद करून चालू करा, असं त्यांनी सांगून टाकलं. ऑक्टोबर चालू होता. वर डोंगराकडे रोज पाऊस पडत होता. बंद करून चालू करायला बारा मिनिटं लागायची आणि चालू झाल्या झाल्या यंत्र पुन्हा तसंच बधिर व्हायचं. मग अकराच्या सुमाराला आपोआप शुद्धीवर यायचं. नोएलियाने "बरं" म्हणून फोन ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.

यंत्राचा गाभा, म्हणजे त्याचं कर्नेल, एबेर तेचेरा नावाच्या माणसाने बऱ्याच वर्षांपूर्वी याच खोलीत बसून लिहिलं होतं. दॉन एबेर, गावात सगळे त्यांना मानाने असंच म्हणायचे, आता निवृत्त होऊन मधमाश्या पाळत होते. व्यवस्था साधी होती. ओढ्याचं पाणी एका सेंटिमीटरने वरखाली झालं की तिथलं उपकरण नवा आकडा तारेवर मांडून ठेवायचं आणि घंटी द्यायचं. या घंटीला त्यांच्या धंद्यात इंटरप्ट म्हणतात. घंटी झाली की यंत्राने हातातलं काम होतं तिथे ठेवायचं, धावत जाऊन आकडा घ्यायचा आणि परत येऊन काम पुढे चालू करायचं. भर पुरातसुद्धा एखादं उपकरण मिनिटाला दोनदा घंटी देई; त्याहून जास्त नाही.

पण कुणी घंटीवरचा हात काढलाच नाही तर?

शंका खरी की खोटी हे बघायला नोएलियाने कर्नेलमध्ये एकच भर घातली. घंटी झाली की त्या लाइनीच्या नावापुढचा आकडा एकाने वाढवायचा, बास. दुसरं काही करायला सांगितलं तर गर्दीत तेही अडकून बसेल, हे तिला कळत होतं. शुक्रवारी सकाळी साडेनऊला यंत्र बधिर झालं, अकराला जागं झालं. दोघींनी मिळून मोजदाद पाहिली. सहा लाइनींपुढे पाच, तीन, आठ असे किरकोळ आकडे होते. सातवीपुढे निबियाला आधी वाटलं फोन नंबरच आहे.

"हे सेकंदाला जवळजवळ चाळीस हजार होतात," नोएलिया म्हणाली.

"चाळीस हजार वेळा दार वाजलं आणि हे प्रत्येक वेळी उठून उघडायला गेलं?"

"प्रत्येक वेळी. उघडलं की कुणी नाही. परत येऊन बसायच्या आत पुन्हा घंटी."

"बिचारं," निबिया म्हणाली. ती त्या यंत्राबद्दल चांगलं बोलल्याचं नोएलियाने पहिल्यांदाच ऐकलं.

दुपारपर्यंत नोएलियाने फाटक लिहून काढलं: एका सेकंदात शंभराच्या वर घंट्या आल्या तर ती लाइन बंद. शनिवारी सकाळी साडेनऊला गलका सुरू झाला आणि फाटक पडलं. यंत्र जागच्या जागी ताळ्यावर आलं. घड्याळ बरोबर, कळा चालू. निबियाने शेजारच्या बेकरीतून तोर्ता फ्रिता नावाच्या गरम तळलेल्या पोळ्या आणल्या, वर साखर भुरभुरवून दोघींनी खाल्ल्या. खाता खाता नोएलिया कर्नेलची फाईल वरपासून वाचत होती, आणि इंटरप्टच्या भागात तिची नजर दॉन एबेरनी स्वतःच खोडून ठेवलेल्या आठ ओळींवर थांबली. सहा वर्षांत ती त्यांच्यावरून शंभरदा गेली असेल. आज तिने त्या नीट वाचल्या. ते फाटकच होतं, जवळपास तिच्यासारखंच. खाली त्यांनी लिहिलं होतं : "हे पुन्हा कुणी करू नये."

तिने हात पुसले आणि स्कूटर काढली.

दॉन एबेर अंगणात मधमाश्यांच्या पेटीच्या चौकटी घासत बसले होते. सत्तरी उलटली होती, पण हाताला कंप नव्हता. त्यांनी तिला स्वयंपाकघरात नेलं, पाणी तापत ठेवलं आणि तिचं सगळं बोलणं मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"म्हणजे सातवी बंद केलीस," ते म्हणाले.

"हो. आता यंत्र एकदम छान चालतंय."

"चालणारच. सातवी कुठली गं?"

"साउसे ओढा."

"आणि काचिम्बात आधी पाणी कशाचं येतं?"

साउसेचं. आधी ओढ्याचं येतं, मग नदी. हे गावात लहान मुलालाही माहीत होतं, आणि फाटक लिहिताना नोएलियाच्या डोक्यात यंत्राशिवाय काही नव्हतं.

"आत्ता पडद्यावर साउसेचा आकडा काय दाखवतंय?" त्यांनी विचारलं.

"एक मीटर बहात्तर." ती खुर्चीत पुढे सरकली. "फाटक पडायच्या आधी जो होता, तोच."

"तोच राहणार. ओढा घरात शिरला तरी पडदा म्हणेल एक बहात्तर."

त्यांनी मातेच्या पेल्यात पाणी ओतलं, पहिला घोट स्वतः घेतला आणि तोच पेला पुन्हा भरून तिच्यापुढे केला. मग खिडकीकडे बघत सांगू लागले. दोन हजार एक साली नदीच्या धक्क्यावरचं उपकरण असंच ओरडायला लागलं होतं. त्यांनी आठ ओळींत त्याचं तोंड बंद केलं आणि खुशीत आठवडाभर बहिणीकडे ताकुआरेम्बोला गेले. उपकरण दोन दिवसांत आपलं आपण सुधारलं, पण बंद लाइन उघडायला तिथे कोण होतं? नदी चढत गेली. पडदा तीन मीटर चाळीसवर बसून राहिला. शेवटी दुसऱ्या उपकरणाच्या घंटीवर भोंगा वाजला, चाळीस मिनिटं उशिरा.

"कुणी दगावलं नाही," ते म्हणाले. "पण काचिम्बात आउरेलिया म्हणून एक शिवणकाम करणारी बाई होती. मशीन गेलं, लोकांचे कपडे गेले, लग्नाचा एक पोशाख गेला. मी परत येऊन नऊ दिवस चिखल उपसला. ती मला रोज जेवायला वाढायची. तिला माहीतच नव्हतं की हे माझ्यामुळे झालं."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"कचेरीत सांगितलं. ते म्हणाले, तांत्रिक बिघाड. तिला मात्र सांगायचं धाडस झालं नाही. पुढच्या वर्षी ती गाव सोडून मुलीकडे राहायला गेली." त्यांनी किटली पुन्हा शेगडीवर ठेवली. "फाटक खोडून टाकलं. आणि त्याच्या जागी काहीच लिहिलं नाही, तेही भीतीनेच. म्हणून तुझं यंत्र आज उघड्यावर आहे. ही चूक पण माझीच धर."

या माणसाच्या ओळी वाचत नोएलिया शिकली होती, आणि त्यात भीती कुठे असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"दॉन एबेर," तिने विचारलं, "लाइन उघडी ठेवली तर यंत्र बधिर होतं, बंद केली तर आंधळं. मग करू काय?"

"तो ओढा घंटी वाजवून छळतोय ना? मग घंटी बंद ठेव आणि तूच त्याच्या दाराशी जा. दर पाच सेकंदांनी जाऊन विचार, बाबा रे, पाणी किती? आकड्याची तार वेगळी आहे, घंटीची वेगळी."

"पण गलका आकड्याच्या तारेवर पण असेल तर? चुकीचं वाचलं जाईल."

"तीनदा विचार. तिन्ही वेळा एकच सांगितलं तर खरं मान."

ती पिशवीतून वही काढून लिहू लागली. "आणि दर मिनिटाला घंटी क्षणभर उघडून बघायची. गलका थांबला असेल तर लाइन पूर्ववत. कुणी उघडायची वाट बघायला नको."

"बरोबर. आणि निबियाला दिसू दे. जुना आकडा साजरा दिसतो गं, तोच घात करतो. लाइनीत गलका आहे हे मोठ्या अक्षरांत येऊ दे."

दोघं अंधार पडेपर्यंत त्या टेबलाशी बसले. मध्येच दॉन एबेर म्हणाले, "शंभरची मर्यादा कुठून आणलीस?" ती म्हणाली, पुरात मिनिटाला दोन येतात, म्हणून सेकंदाला शंभर म्हणजे भरपूर ढिली. त्यांनी मान डोलावली आणि पुढचं विचारलं.

रविवारी सकाळी ती केंद्रात जाऊन बसली, आणि रविवारी गलका झालाच नाही. गेल्या तिन्ही रविवारी झाला नव्हता, हे निबियाच्या नोंदवहीत तिला सापडलं. तिने ते कागदावर टिपून ठेवलं आणि काम चालू ठेवलं. सोमवारी दुपारी नवा गाभा यंत्रात गेला. चार वाजेपर्यंत तिने स्वतः एका तारेचं टोक दुसऱ्यावर घासघासून खोटा गलका करून पाहिला. निबिया वैतागून म्हणाली, "आता बास, तू त्याला खरंच वेडं करशील."

रात्री वरच्या बाजूला जोराचा पाऊस झाला. मंगळवारी सकाळी गावात मात्र नुसती भुरभुर होती. साडेनऊला पडद्यावर मोठी अक्षरं उमटली : "लाइन सात : गलका. दर पाच सेकंदांनी विचारत आहे." खाली आकडा होता एक मीटर ऐंशी.

"एक ब्याऐंशी," थोड्या वेळाने निबिया म्हणाली. मग, "पंच्याऐंशी. नोए, खुर्ची इकडे घे."

दहा वाजून पाच मिनिटांनी आकडा दोन मीटर दहा झाला. मिनिटाला एक सेंटिमीटर, कधी थोडा जास्त. घंटीच्या तारेवर सेकंदाला चाळीस हजारांचा दंगा चालूच होता, आणि त्याच्या पलीकडून तो आकडा दर पाच सेकंदांनी शांतपणे येत होता. भोंग्याची खूण होती अडीच मीटर. नोएलिया हाताची घडी घालून उभी होती. तिला दर वेळी वाटायचं, आता तीन उत्तरं जुळणार नाहीत. एकदा नाहीच जुळली. यंत्राने तो आकडा टाकून दिला आणि पाच सेकंदांनी परत विचारलं.

"तू श्वास घे," निबिया म्हणाली. "तू निळी पडलीस तर मला दोन दोन गोष्टी बघाव्या लागतील."

दहा अडतीसला आकडा दोन पन्नास झाला आणि छपरावरचा भोंगा वाजला. दोघींपैकी कुणीही कळ दाबली नव्हती. निबियाने अग्निशमन दलाला आणि शाळेला फोन लावले. नोएलिया स्कूटरवरून बांधापलीकडे गेली. काचिम्बात लोक सवयीने भराभर कामाला लागले होते. गाद्या माळ्यावर, फ्रिज टेबलावर, कुत्री ट्रकमध्ये. तिने एका म्हाताऱ्याच्या सहा खुर्च्या उचलून बांधावर नेल्या. तो म्हणाला, "यंदा भोंग्याने वेळेवर तोंड उघडलं." ती पुढच्या घराकडे वळली. पाणी उंबरठ्याला लागायला सव्वाबारा झाले. बासष्ट घरांत गुडघाभर शिरलं. एक सायकल आणि थोडं सरपण वाहून गेलं, एवढंच.

बुधवारी ती नोंदी चाळत बसली होती. भोंगा वाजला दहा अडतीसला. सातव्या लाइनीचा गलका थांबला दहा चाळीसला. तिने दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या आणि दॉन एबेरना फोन लावला.

"रोज सकाळी साडेनऊ ते अकरा. रविवारी सुट्टी," ती म्हणाली. "आणि मंगळवारी भोंगा वाजल्यावर दोन मिनिटांत गप्प."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "म्हणजे तारेचा दोष नाही. कुणीतरी माणूस आहे, आणि त्याचं कुणीतरी काचिम्बात राहतं."

गुरुवारी सकाळी दॉन एबेरच्या जुन्या पिकअपमधून दोघं साउसेच्या तारेच्या कडेकडेने निघाले. खांबामागून खांब बघत तीन किलोमीटर गेल्यावर रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमधून निळा लखलखाट दिसला. तिथे तार खांबावरून उतरून एका लोखंडी पाइपातून चर ओलांडत होती. पाइपाला वेल्डिंगचा जमिनीचा, म्हणजे अर्थिंगचा, चिमटा लावलेला होता.

"सापडलं," नोएलिया म्हणाली.

शेडमधल्या बाईने डोळ्यांवरची ढाल वर केली. मारिसेल पिरिस नाव. महिन्याभरापूर्वीच तिने फाटकं आणि खिडक्यांचे गज बनवायला इथे जागा घेतली होती.

"पाइप तुमचा आहे होय?" ती म्हणाली. "मला वाटलं सोडून दिलेला आहे. मी काही चोरून नाही हो वापरत, नुसता चिमटा लावते."

"चोरीचं कोण म्हणतंय," दॉन एबेर म्हणाले. "रोज सकाळीच करतेस का हे काम?"

"साडेनऊला मुलीला शाळेत सोडून येते. अकरापर्यंत वेल्डिंग, मग रंग. का, आवाज जातो कुणाला?"

"आवाज नाही. विजेचा दंगा," नोएलियाने सांगितलं. "तुझ्या प्रत्येक ठिणगीला आमच्या यंत्राला वाटतं ओढा हाक मारतोय."

मारिसेलने पाइपाकडे पाहिलं, मग नोएलियाकडे. तिचा चेहरा उतरला. "साउसेची तार आहे ही? माझी आई राहते काचिम्बात. मंगळवारी भोंगा ऐकला आणि सगळं टाकून धावले. आम्ही तिचा पलंग, शिलाईचं सामान, सगळं बाहेर काढलं." ती खाली पाहून म्हणाली, "आणि मीच इथे बसून..."

दॉन एबेरनी पटकन तिला थांबवलं. "पोरी, तुला कुणी सांगितलं होतं का? पाइपावर पाटी लावायची आम्हाला सुचली नाही. पाटी कधीच असायला हवी होती." ते पिकअपकडे गेले आणि मागून तांब्याची एक लांब सळई आणि हातोडा घेऊन आले. "तुझं स्वतःचं अर्थिंग करू. धर इथे."

"तुम्ही धरा, मी ठोकते," मारिसेल म्हणाली. "तुम्ही माझ्या बोटावर माराल."

ओल्या मातीत सळई सहज गेली. मारिसेलने चिमटा पाइपावरून काढून तिला लावला, ढाल खाली ओढली आणि एका गजावर लांबच्या लांब टाका घातला. नोएलियाने फोन कानाला लावला.

"निबिया, आता काय दिसतंय? सातवी?"

"मोठी अक्षरं गेली," निबिया म्हणाली. "लाइन उघडली आपोआप. थांब, एक घंटी झाली."

नोएलियाने शेडकडे वळून पाहिलं. मारिसेलची ठिणगी अजून उडतच होती. "किती?"

"एक म्हटलं ना." चार मिनिटांनी तिचा आवाज पुन्हा आला. "आता दुसरी झाली. अगं, सारखं कशाला वाजतंय मग?"

नोएलियाने चराच्या पलीकडे, ओढ्याकडे पाहिलं. झुडपांच्या मुळांवर चिखलाची ओली रेघ दिसत होती, आणि ओढा त्या रेघेच्या हातभर खाली गेला होता.

"वाजू दे," ती म्हणाली. "पाणी उतरतंय."